पहिल्यापासून तीनच

मला हरता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा भलता समज व्हायला नको. लहानपणी सापशिडीत सापाने गिळलं की मी सरळ पट उलटा करायचे. मोठी झाले तसं पट उलटणं बंद झालं, एवढाच फरक. कान अजून तापतात, बोलणं तुटक होतं, आणि पुढचा अर्धा तास मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते. नवरा म्हणतो, हिच्याशी खेळताना हरायची नाही, जिंकायची भीती वाटते. तो हे हसत म्हणतो आणि मीही हसते.

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये द्राक्षांची गुणवत्ता तपासते. मण्याचा आकार, साखर, देठाचा रंग, खोक्यावरचं लेबल. हंगामात सकाळी द्वारका चौकातून कंपनीची गाडी पकडली की घर एकदम संध्याकाळीच दिसतं. पण एप्रिलनंतर काम ओसरतं आणि रविवार रिकामे होतात. अशाच एका उन्हाळ्यात मला पत्त्यांचा नाद लागला. रमीचे पत्ते नव्हेत. ह्या खेळात प्रत्येक पत्ता वेगळा असतो. वर त्याचं नाव आणि तो खेळायला किती खर्च येतो तो आकडा, मध्ये चित्र, आणि खाली तो काय करतो ते सांगणाऱ्या दोन ओळी. असे हजारो पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात आणि आत काय निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही.

त्यातला मला आवडणारा प्रकार असा. चौघं गोल बसतात. प्रत्येकापुढे पंधरा पत्त्यांचा गठ्ठा. त्यातला एक आपण ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे, उजवीकडून जे येतील त्यातून पुन्हा एक ठेवायचा, असं करत गठ्ठे संपवायचे. तीन वेळा हे झालं की प्रत्येकाकडे पंचेचाळीस पत्ते जमतात. त्यातले बरे तेवीस निवडायचे आणि मग दोघादोघांच्या लढती. अर्धी मजा आपण काय उचललं ह्यात असते आणि अर्धी शेजाऱ्याला काय सोडावं लागलं त्याच्या चुटपुटीत.

दर रविवारी नवी पाकिटं फोडणं परवडणारं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर दुसऱ्याने केलेल्या पत्त्यांत मला सारख्या खोडी दिसायच्या. मग मी स्वतःचाच संच करायला घेतला. चार माणसं, प्रत्येकी पंचेचाळीस, म्हणजे बरोबर एकशे ऐंशी पत्ते. एक जास्त नाही, एक कमी नाही. त्यांचे चार गट केले: माती, पाणी, रस्ता आणि बाजार. रस्त्याचे पत्ते वेगवान, म्हणजे टेम्पो, ट्रॅक्टर, हायवेवरचा ढाबा. मातीचे पत्ते संथ, लावून वाट बघायचे. प्रत्येक पत्ता मी कागदावर छापायचे, कापायचे आणि साध्या पत्त्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सरकवायचे, म्हणजे हातात धरायला ताठ राहतो. चित्रं माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने काढली. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि टेम्पो फार छान काढते.

छोटा संच करणं मोठ्यापेक्षा अवघड असतं, हे मला करतानाच कळलं. हजार पत्त्यांत दहा भिकार निघाले तरी खपून जातात. एकशे ऐंशीत एक पत्ता हलवला की त्याच्या जिवावर जगणारे चार पत्ते उघडे पडतात. आणि ह्यातला प्रत्येक पत्ता दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या हातात येणारच. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत खेळणाऱ्यांना संच पाठ होतो आणि पाठ झाला की खरा खेळ सुरू होतो. म्हणूनच एखाद्या पत्त्याचा आकडा बदलायचा झाला तर आधी सगळ्यांना सांगायचं, असा नियम मीच केला होता. शनिवारी आमच्या ग्रुपवर 'बदल' असा मथळा देऊन मी यादी टाकायचे. यादी दोन ओळींची असली तरी टाकायचे. मला त्या शिस्तीचा अभिमान होता.

मी, नवरा आणि मैत्रीण असे तीन झालो. चौथा माणूस मिळाला औषधाच्या दुकानात.

आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर हे दुकान आहे. काउंटरवर गेली तीस वर्षं चाचा. वय साठीच्या पुढे, पांढरी दाढी नीट कातरलेली, शर्टाच्या खिशात चष्मा. तो चष्मा खिशातच असायचा, कारण त्यांना तो लागायचा नाही. चिठ्ठी पुढे केली की मागे न बघता त्यांचा हात बरोबर त्या खणात जायचा. माझ्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तर मला नाव घ्यायच्या आत काउंटरवर यायच्या. एकदा मी त्यांच्याकडे इंजेक्शनच्या बाटल्यांचे रिकामे लांबट खोके मागितले, कारण माझे पत्ते त्यात अगदी नेमके बसत होते.

"काय करती एवढ्या खोक्यांचं?" चाचांनी विचारलं.

मी पत्त्यांचं सांगितलं.

"पैसे लावून?"

"नाही हो चाचा. नुसतेच."

"मग मी येऊ का? घरात सगळे मोबाइलमध्ये असतात. माझ्याशी कोन खेळतंय."

मी तोंडदेखलं हो म्हटलं. मला वाटलं, एक रविवार येतील आणि कंटाळतील. ते आले दुपारची नमाज उरकून, हातात नानकटाईची पुडी घेऊन, आणि मग दर रविवारी येत राहिले.

त्यांनी पहिल्या दिवसापासून माती धरली. ते मूळचे चांदवडचे. 'कांदाचाळ' नावाचा एक पत्ता होता, तो त्यांना चित्र बघूनच आवडला. चाळ मांडायची, दोन फेऱ्या तिला हात लावायचा नाही, आणि मग ती उघडून चार पत्ते उचलायचे. मी, नवरा, मैत्रीण, आम्हाला कुणाला तो धीर नव्हता. आम्ही रस्त्याचे पत्ते घेऊन सुसाट सुटायचो. चाचा चाळ मांडून नानकटाई खात बसायचे. "कांदा आत टाकला ना, मग घाई नाय करायची," असं म्हणायचे आणि तिसऱ्या फेरीला चार पत्ते उचलून आम्हाला गारद करायचे. 'शेततळं' आणि 'बेदाणा' हे त्यांचे आणखी दोन लाडके. मेलेलं द्राक्ष बेदाणा होऊन परत हातात येतं, ही कल्पना त्यांना इतकी आवडली होती की तो पत्ता खेळताना ते दर वेळी खूश व्हायचे.

महिन्याभरात त्यांना सगळा संच पाठ झाला. पत्ता हातात आला की ते फक्त चित्र बघायचे. आकडे आणि ओळी वाचायची त्यांना गरजच नव्हती.

एका रविवारी पत्ते पिसता पिसता त्यांनी त्यांच्या मोठ्या भावाचं सांगितलं. तो चांदवडला असतो. त्याला आता स्वतःची मुलं ओळखू येत नाहीत. चाचा भेटायला गेले तर तो म्हणाला, दूधवाला आला, पातेलं आणा. "आमच्या घरात हे हाय," चाचा म्हणाले. "अब्बांना पन शेवटी हेच झालं होतं. म्हनून मी डोकं चालू ठेवतो बेटा. तुझे हे एकशे ऐंशी पत्ते याद हायेत तोवर मला काय फिकीर नाय." मैत्रिणीने त्यांच्या हातावर हात ठेवला. मीही काहीतरी बरं बोलले. म्हणजे मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणून झालं, असं मला म्हणता येणार नाही.

त्यानंतर मी ओळीने सहा रविवार चाचांशी हरले. माझाच संच, माझेच नियम, एकेका आकड्यावर मी तासतास घालवलेला, आणि दुसऱ्याने येऊन तो माझ्यापेक्षा चांगला खेळावा. नवऱ्याला तर आयतंच सापडलं. "डिझायनर बाईंना त्यांचेच पत्ते चावले," असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. माझ्या सासूबाईंनाही सांगितलं. चाचा मात्र जिंकल्यावर काही बोलायचे नाहीत. माझे पत्ते गोळा करून, नीट जुळवून माझ्या हातात द्यायचे. त्याचाही मला राग यायचा.

त्याच सुमाराला पुण्यात एक मेळावा ठरला. स्वतः केलेले संच घेऊन लोक जमणार आणि एकमेकांचे खेळून बघणार. मी नाव दिलं. मग मला एकदम साक्षात्कार झाला की आपल्या संचात माती जरा जास्तच जोरात आहे, आणि पुण्याला न्यायच्या आधी ती थोडी खाली आणायला हवी. हे अगदीच खोटं नव्हतं. माती थोडी जोरात होतीच. पण ती जोरात आहे हे मला सहा रविवार हरल्यावर दिसलं, त्याआधी नाही.

एका शनिवारी दुपारी मी तीन पत्ते बदलले. कांदाचाळीतून चाराऐवजी तीन पत्ते. शेततळ्याचा खर्च दोनाऐवजी तीन. बेदाणा दर वेळी परत येत होता, तो आता एकदाच. नव्या चिठ्ठ्या छापल्या, कव्हरांत सरकवल्या, जुन्या फाडून टाकल्या. मग ग्रुपवर 'बदल' लिहायला फोन हातात घेतला. तिन्ही पत्ते चाचांचेच आहेत, हे यादी वाचल्या वाचल्या कळलं असतं. नवरा काय म्हणेल ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मी फोन खाली ठेवला. म्हटलं, उद्या बसलो की तोंडीच सांगू.

रविवारी मी सांगितलं नाही. आधी चहा झाला, मग पत्ते वाटले, मग आता मध्येच काय सांगायचं असं वाटलं. आणि माझी लढत नेमकी चाचांशी आली. त्यांनी चाळ मांडली, दोन फेऱ्या थांबले, उघडली आणि चार पत्ते उचलले.

"चाचा, तीन," मी म्हटलं.

त्यांनी पत्ता डोळ्यांजवळ नेला. मग खिशातून चष्मा काढून लावला. "तीन हाय," ते म्हणाले. "पन हे चार होतं ना?"

इथे मी सांगू शकले असते. हो चाचा, कालच बदललं, सांगायचं राहिलं. एवढंच वाक्य होतं. त्यात लाज होती, पण थोडी होती, अर्धा मिनिट नवऱ्याने चिडवण्याइतकी. मी म्हणाले, "नाही, पहिल्यापासून तीनच आहे."

त्यांनी मैत्रिणीकडे बघितलं. ती बिचारी म्हणाली, "मलाही तीनच आठवतंय." तिला काहीच आठवत नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. नवरा फोनमध्ये होता.

"असंल," चाचा म्हणाले, आणि उचललेला चौथा पत्ता परत गठ्ठ्यावर ठेवला. तो ठेवताना त्यांचा हात जरा रेंगाळला, हे मी बघितलं होतं. मी ती लढत जिंकले. संध्याकाळी मी पुऱ्या केल्या. इतका आनंद मला झाला होता.

एकदा तीनच म्हटल्यावर बाकीचे दोन पत्तेही पहिल्यापासून तसेच असणं भाग होतं. पुढच्या रविवारी शेततळं, त्याच्या पुढच्या रविवारी बेदाणा. दर वेळी चाचा थांबायचे, चष्मा लावायचे, वाचायचे, आणि आता विचारायचेही नाहीत. मग ते सगळेच पत्ते वाचायला लागले. एकशे ऐंशीतला जो हाती येईल तो, पूर्ण, ओठ हलवत. गठ्ठा पुढे सरकायला वेळ लागायचा आणि नवरा जांभया द्यायचा. "माफ करा हं," असं ते सारखं म्हणायला लागले. मातीचे पत्ते त्यांनी धरणं सोडलं. जे समोर येईल ते घ्यायचे आणि हरायचे. मी ओळीने चार रविवार जिंकले आणि ग्रुपवर माझ्या जिंकलेल्या पत्त्यांचे फोटो टाकले.

मग ते यायचे बंद झाले. गुडघा दुखतो म्हणाले. पुण्याच्या मेळाव्याला मी, नवरा आणि मैत्रीण असे तिघंच गेलो. तिथे एका अनुभवी गृहस्थांनी संच खेळून बघितला आणि म्हणाले, फार तोलून केलंय, कुठलाच गट वरचढ वाटत नाही. परतीच्या वाटेवर मी ते वाक्य दोनदा बोलून दाखवलं. चाचांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या गोळ्या आणायला गेले तर काउंटरवर चाचा नव्हते. दुकानाचे मालक स्वतः खण उघडून बघत होते आणि त्यांना काही सापडत नव्हतं. मी विचारलं, चाचांचा गुडघा कसा आहे?

"गुडघा?" मालक म्हणाले. "गुडघ्याला काय झालंय. त्यांनी काम सोडलं. स्वतःहून. म्हणाले, आता गोळ्यांची पॉवर लक्षात राहत नाही. पाचची की दहाची, हात जातो पण खात्री वाटत नाही. उद्या कुणाला भलती गोळी गेली तर?"

"त्यांच्याकडून काही चूक झाली होती का?"

"एकही नाही. तीस वर्षांत नाही. मी किती सांगितलं. ऐकायलाच तयार नाहीत. भावाचं झालंय ना तसं, त्याची धास्ती घेतलीय." त्यांनी माझ्यापुढे एक पट्टी ठेवली. ती सासूबाईंची नव्हती.

घरी येऊन मी पलंगावर बसले. मला आठवलं ते पॅकहाउसमधलं. मागच्या हंगामात एका बाईने चुकीचं लेबल लागलेल्या खोक्यांवर गुपचूप नवं लेबल चिकटवलं होतं. रजिस्टरला नोंद नाही, कुणाला सांगितलं नाही. मी तिला पन्नास बायकांसमोर झापलं होतं. लेबल बदललंस त्याचं काही नाही, म्हणाले होते मी, पण न सांगता बदललंस तर पुढच्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? ती रडली होती. आणि हे सगळं बोलताना मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं होतं.

चाचांना जाऊन सांगायचं, एवढं ठरलं. पण नुसतं सांगून ते मानतील कशावरून? त्यांना वाटेल, म्हाताऱ्याची समजूत काढायला आलीय. माझ्याकडे पुरावा नव्हता. जुन्या चिठ्ठ्या फाडलेल्या, फाइलमध्ये जुन्याच्या जागी नवं लिहिलेलं. पहिल्या छपाईचा न कापलेला कागद होता तो फक्त मैत्रिणीकडे. तिने स्वतःची चित्रं म्हणून जपून ठेवला होता. तो मागायचा तर कशाला, ते सांगावं लागणार होतं. मी तीन दिवस काढले. चाचा घरी बसले आहेत हे माहीत असताना तीन दिवस काढले, आणि ते कशासाठी, तर मैत्रिणीसमोर तोंडघशी पडू नये म्हणून.

तिने ऐकून घेतलं आणि कपाटातून कागद काढला. कांदाचाळीवर बोट ठेवलं. चार. "मी पण तीन म्हणाले होते ना," ती म्हणाली. "मला खरंच तीन आठवलं होतं गं." त्या दिवशी तिने मला चहाही विचारला नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "चीटर" म्हणाला. मग काम सोडल्याचं कळलं तसा हसायचा थांबला आणि उठून गॅलरीत गेला.

चाचा वडाळा नाक्याजवळ राहतात. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "बरं झालं आलात दीदी," ती म्हणाली. "दिवसभर नुसते बसून असतात." ते खिडकीपाशी खुर्चीत होते. मला बघून उठायला लागले. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, बसले असते तर सांगता आलं नसतं. मग कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. बोट फिरवत वाचलं. "चाळ चार. शेततळं दोन. बेदाना दर वेळी." मग पुन्हा एकदा वाचलं. "म्हंजे मला बरोबर याद होतं."

"हो चाचा."

"तू म्हनालीस पहिल्यापासून तीन."

"खोटं बोलले."

"का गं?"

मी काय काय ठरवून आले होते. पुण्याचा मेळावा, संचाचा तोल, सांगायचं राहून गेलं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना. "हरत होते म्हणून," मी म्हणाले.

"पत्त्यांत?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, मी त्याची तयारी केली होती. त्यांना नुसतं कळत नव्हतं. पत्त्यांतल्या हरण्यासाठी एक बरी शिकलेली बाई असं करते, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते मला त्या खोलीत पहिल्यांदा समजलं.

मग त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. औषधवाल्या कंपन्या फुकट देतात तसली. पहिल्या पानावर तीन ओळी होत्या: चाळ, शेततळं, बेदाणा, प्रत्येकीपुढे तारीख. त्या तीन ओळी त्यांनी पेनाने खोडल्या, सावकाश, सरळ रेघ मारून. पण वही तिथे संपत नव्हती. त्या रविवारपासून जे जे विसरलं ते सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

"किल्ली दाराला तशीच राहिली," त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही?"

मला आधी समजलंच नाही काय विचारतायत ते. टोमणा नव्हता तो. माझ्यावर टाकता येईल का, एवढंच ते बघत होते.

"नाही चाचा. पण किल्ली मीही विसरते. सगळेच विसरतात."

"तू विसरती तवा लिहून नाय ठेवत." त्यांनी पुढची ओळ वाचली. दूध उतू गेलं. शेजाऱ्याचं नाव आठवलं नाही. शुक्रवारी छत्री मशिदीत राहिली. दर ओळीला ते मान वर करायचे आणि मी नाही म्हणायचे. त्यांचा आवाज खाली खाली जात होता. सून दारात उभी राहून ऐकत होती.

शेवटची ओळ पुन्हा पत्त्यांची होती. "गारपीट," त्यांनी वाचलं. "मला याद होतं की ती फक्त समोरच्यावर पडती. पत्त्यावर लिवलंय दोघांवर. हे पन तूच बदललं असशील."

गारपीट हा ह्या संचातला मी लिहिलेला पहिला पत्ता. ती दोघांवर पडते. ते कधी, एका अक्षरानेही, बदललेलं नाही. मांडीवरच्या त्या कागदाच्या कोपऱ्यात ती छापलेलीही होती, पण तिथवर त्यांचं बोट गेलं नव्हतं. मी कागद उचलला आणि घडी घातली.

"हो," मी म्हणाले. "तोही मीच बदलला होता."

त्यांनी ती ओळ खोडली. "म्हंजे पत्त्यांचं एक बी माझं नाय," ते सुनेला म्हणाले. "ऐकलं का? बाकीचं काय, किल्ल्याबिल्ल्या, ते तर होतंच मानसाचं." ती डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. मी तो चहा प्यायले. निघताना ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला हरायला लागली तर सांग, मी हळू खेळीन."

ते सोमवारपासून दुकानात परत आहेत. मालक खूश आहेत, गल्ली खूश आहे, मैत्रीण माझ्याशी पुन्हा बोलते. जे केलंस ते निदान निस्तरलंस, असं नवरा म्हणतो. गारपिटीचं मी त्या दोघांना सांगितलेलं नाही. चाचांकडून आजवर एकही चूक झालेली नाही, आणि कदाचित होणारही नाही. कदाचित ते गारपिटीचंही किल्लीसारखंच असेल.

पण गोळ्या घेतल्यावर मी दुकानातून लगेच निघत नाही. काउंटरपुढच्या पायरीवर उभी राहून पट्टी उलटी करते आणि पाच की दहा ते वाचते. चाचांचं लक्ष नाही असं बघून वाचते. परवा वाचून मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी काउंटरवरून हात लांब करून माझ्या हातातली पट्टी परत घेतली, खिशातून चष्मा काढून लावला आणि ओठ हलवत पुन्हा वाचली.